खंड्या आणि बुरूज

३ मार्च

बारकू,

आधीच सांगते, हे पत्र शिव्या घालायला लिहितेय. फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर "मीटिंगमध्ये आहे ताई, नंतर बोलतो" म्हणून ठेवून देतोस. एवढ्या कसल्या रे मीटिंगा तुझ्या? दारांची हँडलं काढतोस ना कागदावर, का देश चालवतोस? कागदाला "नंतर बोलतो" म्हणता येत नाही, म्हणून आता कागद घेतला. वाच आणि गप बस.

आप्पा ठीक आहेत. थोडा खोकला आहे, तो काय, जुनाच. डोळे मात्र गेल्यातच जमा आहेत. खिडकी उघडली की बंद, एवढं कळतं, बास. डॉक्टर म्हणतात वयाने गेले. आप्पा म्हणतात, "खंड्याला दिले." परवा दवाखान्यात एका बाईंना असंच म्हणाले. त्या बिचाऱ्यांना वाटलं घरातल्या कुणाला दान केले, त्यांनी हातच जोडले. मी म्हटलं, अहो, खंड्या म्हणजे गाडी, तो बिल्ल्यावर पक्षी असतो ना ती. तीस वर्षं तिच्या बॉडीवर वेल्डिंग केलंय यांनी. बाईंनी हात खाली घेतले.

सकाळी चहा झाला की काठी घेऊन फाटकाशी जातात आणि तिथेच खुर्ची टाकून बसतात. कारखान्याच्या वसाहतीचं फाटक तेच, आडवा दांडा तोच, फक्त वॉचमन नवीन आहे. त्याला सगळे शिट्टी म्हणतात, कारण जेवतानासुद्धा ती गळ्यातली शिट्टी तो काढत नाही. दोघांचं छान जमतं. गाडी आली की आप्पा आवाज ऐकून सांगतात, "खंड्या आहे, दांडा वर घे," नाहीतर, "परकी आहे, बाहेर लावायला सांग." शिट्टीला डोळे आहेत, पण तो आप्पांना विचारल्याशिवाय दांड्याला हात लावत नाही.

त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मग लिहू तरी काय? आपल्या दोघांत दुसरं शिल्लक काय आहे? तू तिकडच्या कंपनीने दिलेली कोरी करकरीत बुरूज गाडी घेऊन आलास, कोपऱ्यापासून हॉर्न वाजवत. वसाहतीत खंड्या सोडून दुसरी गाडी आत येत नाही, पाहुणा कितीही मोठा असला तरी गाडी बाहेर लावून चालत येतो, हे तुला शेंबड्या वयापासून माहीत होतं. मामासुद्धा कुरकुर करत चालतच यायचा. आणि तू आलास तो थेट पलीकडच्या देशाची गाडी घेऊन, दांड्याला टेकवून उभी केलीस. आप्पा म्हणाले, "गाडी बाहेर, तू आत." तू म्हणालास, "गाडी बाहेर, तर मीही बाहेर." आई खिडकीत उभी होती. तिने चहाला आधण ठेवलं होतं.

दोन वाक्यं रे. दोन वाक्यांवर घर मोडलं. त्यानंतर तू दिसलास तो स्मशानात, सगळ्यांच्या मागे, आणि आईला निरोप देऊन तिथूनच परत गेलास. मला तुझ्या पाठीत धपाटा घालायचा होता. गर्दीतून पुढे येईपर्यंत तू नव्हतास.

असो. चांगली बातमी सांगते. कारखान्यात नवं मॉडेल येतंय. आमच्या शिवणखात्यात सीटची कव्हरं सुरू होतील या आठवड्यात. नवीन मशिनंही आलीत, म्हणजे वापरलेलीच आहेत, पण लोण्यासारखी चालतात. माझ्या मशिनवर कुणाच्या तरी पोराने चिकटवलेला ससा आहे. नखाने खरवडून बघितला, निघेना, मग म्हटलं राहू दे बापडा. दुसरी शिफ्ट सुरू होणार आहे. वसाहतीत सगळे खुशीत आहेत, ज्यांच्या पोरी घरी बसून होत्या त्यांना काम लागलंय.

आणि ऐक. नव्या मॉडेलची पहिली गाडी वसाहतीत आणायची, सगळ्यांत जुन्या कामगाराला पुढे बसवून फाटकातून आत घ्यायची, ही आपली रीत तुला आठवत असेलच. यंदा मान आप्पांचा आहे. आतापासून सदरा इस्त्री करून ठेवायला लावलाय.

ये म्हणत नाही. म्हटलं तर तू उलटंच करशील. फक्त कळवतेय.

ताई

२१ मार्च

बारकू,

पत्राचं उत्तर नाही. ठीक आहे. मी तरी कुठे उत्तरासाठी लिहिलं होतं?

आज विचारायचंय ते सरळ विचारते. तुला माहीत होतं का?

सोमवारी नव्या खंड्याच्या कव्हरांचा गठ्ठा संपवला. दुसरा गठ्ठा उघडला, तर तेच तुकडे, त्याच खाचा, शिलाईच्या खुणाही त्याच जागी. फक्त डोकं टेकायच्या उशीवर पक्ष्याच्या जागी बुरूज भरायचा होता. मला वाटलं, कुणीतरी घोळ घातला. गठ्ठा उचलला आणि गेले सुपरवायझरबाईंकडे. म्हटलं, "बाई, हे पलीकडचं सामान आपल्याकडे कसं आलं? परत पाठवा."

बाई डबा खात होत्या. म्हणाल्या, "चूक नाही ती. दोन्ही कंपन्यांनी मिळून एकच गाडी केलीये. खालचा सांगाडा एक, इंजिन एक, दारं एक. प्लॅटफॉर्म म्हणतात त्याला. वरून तोंडवळा आणि बिल्ला तेवढा वेगळा."

"मग आपली कुठली?"

"पक्षी असेल ती."

"आणि ही, जी आपण इथे शिवणार, इथेच जुळवणार, आपलीच माणसं रंगवणार, ती परक्यांची?"

"आणि आपल्या निम्म्या खंड्या तिकडे जुळतात," बाई म्हणाल्या. "इंजिन तर तिसऱ्याच देशातून येतं. तुम्हाला कुठे गाडीशी लग्न करायचंय? शिवा की."

मला आधी हसूच आलं. अरे, मामाला उन्हातून चालवलं आपण! शेजारच्या पोरीच्या लग्नात नवरदेवाची गाडी बाहेर उभी केली आणि तो बिचारा बुटांना धूळ लावत आत आला, ते आठवलं. मशिनवर बसून एकटीच फिदीफिदी हसत होते. शेजारची म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, नवरदेव आठवला.

मग घरी आले तर फाटकाशी आप्पा. माझी पावलं ओळखली, म्हणाले, "आज काय शिवलंस?"

मी म्हटलं, "खंड्या."

"कशी झालीये?"

"झकास आहे."

त्यांनी खूश होऊन मान हलवली. बारकू, या माणसाने स्वतःचं पोर या पक्ष्यापायी फाटकाबाहेर ठेवलं. आता त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू, की तो पक्षी म्हणजे उशीवरचं भरतकाम आहे, आणि ते मी दोन मिनिटांत भरते?

तुला माहीत असणार. तू दारंच तर करतोस. दोन ओळी लिही. हात झडणार नाही.

ताई

९ एप्रिल

बारकू,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या दिवसांनी अक्षर बघितलं तर अजून तसंच, मुंग्या मेल्यासारखं. मोजून तीन वाक्यं लिहिलीस. "दारं आमच्याकडून येतात. हँडल मी काढलंय. आप्पांना सांगू नकोस." ख्यालीखुशाली नाही, काही नाही. माझी चौकशी तर सोडच. तरी कार्ड मी पाकिटात घालून कामावर नेलं, का ते विचारू नकोस.

काल पहिली गाडी आली. ते सगळं तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आप्पा सकाळपासून तयार. इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल, दाढी शिट्टीने करून दिली, एक कल्ला वर एक खाली. कारखान्याच्या दारापाशी गाडी उभी होती. मॅनेजर, फोटोवाले, निवृत्त मंडळी सगळी जमली होती. आप्पांना मी धरून नेलं. मी दार उघडायला पुढे झाले तर म्हणाले, "तू थांब. दार मी उघडणार."

हात पुढे केला. मला वाटलं चाचपडतील. चाचपडले नाहीत रे. बोटं नेमकी हँडलच्या खाली गेली, अंगठा वर बसला, आणि दार उघडलं. त्यांनी ते मिटलं. परत उघडलं. परत मिटलं. मॅनेजर घड्याळाकडे बघायला लागला. आप्पा म्हणाले, "आजवर सगळ्या गाड्यांची हँडलं डोळसांसाठी केलेली होती. हे कुणीतरी डोळे मिटून केलंय. बोटं आपोआप जातात. हा माणूस आपल्यातलाच. परक्याला हे सुचायचं नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरने सगळ्यांत जास्त.

तुझं कार्ड पाकिटात होतं. नुसतं म्हटलं असतं, आप्पा, बारकूने केलंय. तीन शब्द. पण समोर सगळी वसाहत, आणि त्यांचा चेहरा असा, की आईच्या नंतर मी तो बघितलाच नव्हता. गप्प बसले. ते पुढे बसले, गाडी निघाली, शिट्टीने दांडा वर घेतला आणि जीव खाऊन शिट्टी वाजवली. माझे डोळे वाहत होते आणि बाजूच्या बायकांना वाटलं मी आनंदाने रडतेय. थोडं तेही होतं म्हणा.

खरं सांग, ते हँडल काढताना तुझ्या मनात आप्पा होते का? तू नाही म्हणशील. पण मी विचारून ठेवते.

तेव्हापासून माझ्या मागे लागलेत. "ते हँडल कुणी केलं विचारलंस का? कारखान्यात कुणालातरी माहीत असेल. त्याला निरोप पाठव, म्हणावं, बॉडी शॉपच्या म्हाताऱ्याने हात जोडलेत." रोज विचारतात. रोज मी विसरले म्हणते. माझी विसरायची ताकद संपत आलीये.

ताई

२० एप्रिल

बारकू,

सांगितलं.

तू नको म्हणाला होतास, पण तू तिकडे बसून नको म्हणतोस, इथे रोज मला विचारलं जातं. रविवारी त्यांची नखं काढत बसले होते. उजवा हात झाला. म्हणाले, "आज तरी विचारलंस का?"

मी म्हटलं, "बारकूने केलंय."

त्यांनी हात ओढून घेतला नाही. म्हणाले, "तो तर तिकडे आहे."

"हो. दारं तिकडूनच येतात, आप्पा. सांगाडा तिकडचा, आणि बुरूज इथे जुळतात, आपल्या कारखान्यात. सीटा मी शिवते. दोन्हींच्या. गाडी एकच आहे, बिल्ला वेगळा."

मला वाटलं आता भडका उडणार, काठी आपटतील, मला खोटारडी म्हणतील. मी तयारच होते, तोंडावर उत्तरं आणून ठेवली होती. त्यांनी डावा हात पुढे केला. म्हणाले, "हा राहिलाय." मी पाचही बोटांची नखं काढली. एकदा कात्री लागलीसुद्धा, ते हूं की चूं म्हणाले नाहीत.

सगळं झाल्यावर म्हणाले, "मग त्या दिवशी मी त्याची गाडी बाहेर का उभी केली?"

मी म्हटलं, "तेव्हा वेगळ्या होत्या, आप्पा."

"किती वेगळ्या?"

तू असतास तर काय सांगितलं असतंस?

मग काठी घेऊन उठले आणि तरातरा फाटकाशी गेले, मी मागे धावतेय. शिट्टीला म्हणाले, "दांडा वर घे." शिट्टीने रस्त्यावर बघितलं, म्हणाला, "आप्पा, गाडी कुठेय?" म्हणाले, "गाडी येईल तेव्हा येईल. तू वर घे आणि दोरीने बांधून टाक."

एवढ्यात निवृत्त मंडळी गोळा झाली. असा कसा दांडा वर, नियम आहे, एकट्याने ठरवायचं नाही, सगळ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या सगळ्यांच्या नव्या गाड्यांची दारं माझ्या पोराने केलीत. ती उपटा, फाटकाबाहेर ठेवा, आणि बिनदाराच्या गाड्या आत घ्या. मग मी दांडा खाली करतो." एकाने तर खरंच वळून आपल्या गाडीच्या दाराकडे बघितलं. मला हसूही आवरेना आणि रडूही.

दांडा वर बांधलाय, बारकू. तुझ्यासाठी. त्यांच्या तोंडून हे कधी निघणार नाही, म्हणून मी लिहितेय.

ताई

२ मे

बारकू,

थोडक्यात लिहिते, शिफ्टला जायचंय.

खोकला जुना आहे असं लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. फुप्फुसं संपत आलीत. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, भेटणारे असतील त्यांना बोलावून घ्या. तुझ्यावर दडपण नको म्हणून लपवलं. मला वाटलं होतं, तू राग सोडून यावंस, दयेपोटी नको. आता कसाही ये.

दिवसभर फाटकाशी असतात. घरी थांबा म्हटलं तर ऐकत नाहीत. शिट्टी चहा पाजतो, पांघरूण घालतो. पंचाईत अशी झालीये की आता त्यांना आवाज ओळखता येत नाहीत. नव्या खंड्या आणि नव्या बुरूज सारख्याच वाजतात. गाडी आली की धडपडत उठून उभे राहतात. शिट्टी म्हणतो, "आप्पा, पक्षी आहे, बसा." बसतात. परत गाडी येते, परत उठतात. येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगतात, "माझा मुलगा यायचाय, गाडी घेऊन."

म्हणून म्हणते, गाडी घेऊनच ये. ती बुरूजच आण. कोपऱ्यापासून हॉर्न वाजवत ये, तेव्हा वाजवला होतास तसा, आणि कुठे न थांबता थेट आत घे. त्यांना ते एकदा ऐकायचंय. मग तू मला हवं तेवढं बोल, मी उलट उत्तर देणार नाही. म्हणजे प्रयत्न करीन.

ताई

२६ मे

बारकू,

हे पत्र तुला मिळेल की नाही माहीत नाही. जुन्याच पत्त्यावर पाठवतेय, दुसरा माझ्याकडे नाही. फोन आता लागतच नाही, नंबर बंद आहे म्हणून सांगतात.

आप्पा गेले. गेल्या मंगळवारी सकाळी. चहा घेतला, चपला घातल्या, आणि खुर्चीवर थोडं टेकतो म्हणाले. मी डबा भरत होते. हाक मारली तर ओ दिली नाही. चपला पायात होत्या, फाटकाशी जायला निघालेलेच होते ते.

तू आला नाहीस म्हणून मी तुला एवढ्या शिव्या घातल्या आहेत, एवढ्या, की आता त्या कुठे ठेवू ते कळत नाही. कारण काल मला कळलं की तू आला होतास.

सगळं सांगते, नीट सांगते. मलाच ते नीट लावून बघायचंय.

काल कामावर गेले. दहावं झाल्यावरच गेले असते, पण घरी बसून जीव गुदमरतो. माझ्या मशिनचा दोरा सारखा तुटत होता. सुपरवायझरबाई आल्या, मशिन उघडून बघायला लागल्या, म्हणाल्या, "तिकडे बायकांनी हे चांगलं जपलं होतं. काय वाटत असेल बिचाऱ्यांना." म्हटलं, तिकडे म्हणजे? म्हणाल्या, "पलीकडे. तिथलं एक युनिट बंद केलं ना हिवाळ्यात. शिवणखातं, ड्रॉइंगवाले, त्या सगळ्यांनाच घरी पाठवलं. गाडी एकच, मग सीटा दोन ठिकाणी कशाला शिवायच्या, ड्रॉइंगं दोनदा कशाला काढायची? म्हणून तर आपल्याला दुसरी शिफ्ट मिळाली. तुम्हाला माहीत नव्हतं?"

ससा माझ्याकडे बघत होता. मला मार्चमधलं माझं पत्र आठवलं. सगळे खुशीत आहेत, मशिनं लोण्यासारखी चालतात, असं मीच लिहिलं होतं तुला. तुझी नोकरी तेव्हाच गेली होती. आणि मी तुला मीटिंगांवरून टोमणे मारत होते. बारकू, एका शब्दाने बोलला असतास! कंपनीची गाडीही त्यांनी काढून घेतली असणार. आणि तुला मी लिहिलं, बुरूजच आण, हॉर्न वाजवत ये.

संध्याकाळी घरी आले तर शिट्टी फाटकाशी वाट बघत होता. खाली मान घालून म्हणाला, "ताई, रागावू नका. एक द्यायचं राहिलं. आप्पांच्या गडबडीत डोक्यातूनच गेलं." आणि केबिनच्या फळीवरून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून दिलं. उघडलं तर हँडल. रंग न दिलेलं, बिल्ल्याची जागा कोरी. पक्षी नाही, बुरूज नाही.

म्हटलं, कुणी दिलं? म्हणाला, "आप्पा गेले त्याच्या आधीच्या आठवड्यात एक जण आला होता, दुपारी. बसमधून उतरून चालत आला. हातात पिशवी. नाक तुमच्यासारखंच होतं, पण मी म्हटलं असतात माणसं सारखी. तो येऊन आप्पांच्या समोर उभा राहिला, मधोमध, फाटकात. काही बोलेना. आप्पांना समोर कुणीतरी आहे एवढं कळलं. ते म्हणाले, 'बाजूला हो बाबा, रस्ता मोकळा ठेव. माझ्या मुलाची गाडी यायची आहे.'"

शिट्टी म्हणाला, "तो लगेच बाजूला झाला. भिंतीला टेकून बराच वेळ उभा होता. दोन-तीन गाड्या आल्या, आप्पा उठले, बसले. तो बघत होता. मग माझ्याकडे आला, हे दिलं, म्हणाला, यांच्या मुलीला द्या. मी म्हटलं, आत जा ना, त्या येतीलच आता. म्हणाला, नको, माझ्याकडे गाडी नाही. मला वाटलं, त्याची बस चुकेल म्हणतोय."

मी तिथेच आप्पांच्या खुर्चीत बसले.

तुला एक गोष्ट माहीत नाही, ती मला माहीत आहे, आणि तीच सांगायला हे पत्र लिहितेय. त्या संध्याकाळी आप्पा घरी आल्यावर मला म्हणाले होते, "आज फाटकात एक माणूस उभा होता. शहाणा होता. सांगितल्याबरोबर बाजूला झाला. आपला बारकू असता तर वाद घातला असता." आणि हसले. खोकला येईपर्यंत हसले. मीही हसले, पोळ्यांचा तवा पुसत होते, म्हटलं, बारकू असता तर तुम्हालाच बाजूला केलं असतं. त्यावर म्हणाले, "करू दे. येऊ तर दे."

येऊ तर दे म्हणाले, बारकू. तू भिंतीला टेकून उभा राहिलास तेव्हाही त्यांच्या मनात तेच होतं.

जन्मभर त्यांचं एकच मागणं होतं, की गाडी बाहेर ठेव आणि चालत आत ये. तू ऐकलं नाहीस. आणि ज्या दिवशी तू खरंच चालत आलास, त्या दिवशी ते गाडीची वाट बघत होते. तुमच्या दोघांच्या हट्टाला काय म्हणू मी? कुणावर ओरडू? नुसतं "आप्पा" म्हणाला असतास. एवढं एक वाक्यसुद्धा नको होतं, एक शब्द बास होता. मला माहीत आहे तो तुझ्या तोंडून का निघाला नाही. तरी सारखं वाटतं, एक शब्द.

हँडल मी घराच्या दाराला लावून घेतलंय. सुतार म्हणाला, गाडीचं घराला बसत नाही. म्हटलं, बसव. वाकडं बसलंय, पण अंधारातसुद्धा हात बरोबर त्यावर जातो.

निवृत्त मंडळी काल आली होती. म्हणाली, आता आप्पा नाहीत, दांडा खाली घ्यायचा का? विचारून करतो म्हणून आलो. मी म्हटलं, हात लावून तर बघा. चहा पिऊन गेली.

नोकरी गेली तर गेली. इथे मी आहे, खोली रिकामी आहे. शिट्टीला तुझं नाक सांगून ठेवलंय. फाटकाशी आता कुणी बसत नाही, खुर्ची मी आत आणलीये. कुणी बाजूला हो म्हणणार नाही, आणि म्हटलंच तर होऊ नकोस.

चालत ये.

ताई